बटण फिरवून बघण्याचा इतिहास

जुन्या रेडिओचं स्टेशन लावायचं बटण आठवतंय? ते फिरवलं की आत 'गँग' नावाचा एक कंडेन्सर फिरायचा. त्याच्या अर्धगोल पट्ट्या एकमेकींत शिरायच्या, बाहेर यायच्या, आणि तेवढ्यावर मीडियम वेव्हच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची सगळी स्टेशनं एकापाठोपाठ एक कानावरून जायची. सर्किट तेच, फक्त त्यातल्या एका भागाची किंमत हळूहळू बदलत न्यायची आणि काय होतं ते बघायचं (म्हणजे इथे ऐकायचं). कॉम्प्युटरवरच्या सर्किटवर हेच केलं की त्याला पॅरामीटर स्वीप म्हणतात. आजचा शनिवार या स्वीपच्या नावाने.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, सर्किट हा सुट्टीचा उद्योग. आता स्वीप म्हणजे काय, तर एक फॉर लूप, असं कोणीही सॉफ्टवेअरवाला म्हणेल. वरवर पाहता ते खरंही आहे. पण या लूपमागे पन्नासहून जास्त वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो: बटणं शंभर असतील तर कुठलं फिरवायचं? आणि एकटंच फिरवायचं की जोडीने?

सुरुवात ब्रेडबोर्डपासून करू. १९६० च्या दशकात सर्किट चालेल की नाही हे बघायचा रुळलेला रस्ता म्हणजे सुटे भाग जोडून ते टेबलावर उभं करणं. एखाद्या रेझिस्टरच्या किमतीबद्दल शंका असेल तर त्याच्या जागी पॉट लावायचा, तो पिळत जायचं आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्याकडे बघत बसायचं. ट्रान्झिस्टरसाठी तर हे काम करणारं खास यंत्रच होतं. टेक्ट्रॉनिक्सचा १९५७ सालचा '५७५' हा कर्व्ह ट्रेसर ट्रान्झिस्टरच्या बेसला ठरावीक करंट द्यायचा, कलेक्टरचं व्होल्टेज शून्यापासून वर न्यायचा, मग बेसचा करंट एक पायरी वाढवून पुन्हा तेच. पडद्यावर एकाखाली एक वक्ररेषा उमटायच्या. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांनी ती आकृती जर्नलात कधी ना कधी काढलेली असणारच. थोडक्यात काय, एका स्वीपच्या पोटात दुसरा स्वीप. नेस्टेड लूप, पण चक्क हार्डवेअरमध्ये!

आयसी आल्यावर ही पद्धत अडखळायला लागली. चिपवरचे ट्रान्झिस्टर सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर, एकमेकांना खेटून, जवळपास एकाच तापमानात राहतात. टेबलावरचे सुटे भाग तसे राहत नाहीत. शिवाय ब्रेडबोर्डच्या तारांची स्वतःची कपॅसिटन्स निकालात लुडबुड करते ती वेगळीच. आणि चिप एकदा फॅक्टरीतून आली की तिच्यातला रेझिस्टर बदलायची सोय नाही. आपल्या भाषेत, रिलीज झाल्यावर पॅच नाही. तरीही लोकांनी ब्रेडबोर्डवरच चिपा घडवल्या. १९७२ साली सिग्नेटिक्सने बाजारात आणलेला प्रसिद्ध ५५५ टायमर हान्स कामेनझिंड यांनी असाच, कॉम्प्युटर सिम्युलेशनशिवाय बनवला. या ५५५ कडे आपल्याला पुन्हा यायचंय, तेव्हा लक्षात ठेवा.

त्याच सुमाराला, १९६९-७० च्या शैक्षणिक वर्षात, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात रोनाल्ड रोहरर नावाच्या प्राध्यापकांनी एक अजब वर्ग घेतला. व्याख्यानं नेहमीसारखी नाहीत. सगळ्या वर्गाने मिळून एक सर्किट सिम्युलेटर लिहायचा. तो चांगला झाला की नाही हे ठरवणार डोनाल्ड पेडरसन, म्हणजे विभागातले आयसीमधले जाणते प्राध्यापक. त्यांना पसंत पडला तर सगळे पास, नाहीतर सगळे नापास! पेडरसनना तो पसंत पडला. लॅरी नेगल हा त्यातला मुख्य विद्यार्थी.

त्या प्रोग्रॅमचं नाव फार मजेशीर आहे. तेव्हा अमेरिकेतले बरेच सिम्युलेटर संरक्षण खात्याच्या पैशावर लिहिलेले असत, आणि किरणोत्सर्गात सर्किट टिकेल का हे काढायची सोय त्यांत ठेवावी लागे. बर्कलीच्या पोरांनी नावातच जाहीर करून टाकलं की आमच्यात ते नाही: 'कॉम्प्युटर ॲनालिसिस ऑफ नॉनलिनिअर सर्किट्स, एक्सक्लूडिंग रेडिएशन'. इंग्रजी आद्याक्षरं जोडा, 'कॅन्सर' होतं. व्हिएतनाम युद्धाचे दिवस आणि बर्कलीचा कँपस, अजून काय सांगू!

पुढे रोहरर बर्कलीतून गेले आणि नेगल पेडरसन यांच्या हाताखाली आला. पेडरसन यांचा एक आग्रह होता: प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला असला पाहिजे, त्यावर कोणाची मालकी नको. म्हणून कॅन्सरमध्ये भरपूर फेरबदल झाले, नाव बदललं आणि 'स्पाइस' जन्माला आला. (मसाला! नाव ठेवण्यात ही मंडळी एकूण सुधारली म्हणायची. :)) एप्रिल १९७३ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू इथे पेडरसन यांनी तो लोकांसमोर मांडला. १९७५ साली नेगलच्या पीएचडीतून स्पाइस-२ आला. फोरट्रानमध्ये लिहिलेला, मागेल त्याला जवळपास टेपच्या खर्चात मिळणारा. बर्कलीतून बाहेर पडणारे विद्यार्थी तो आपापल्या कंपन्यांत घेऊन गेले. बीएसडी युनिक्सची पहिली टेप याच विद्यापीठातून १९७८ साली निघाली, हे लक्षात घेतलं की पेडरसन काळाच्या किती पुढे होते ते कळतं.

स्पाइसला सर्किट पोचायचं पंच कार्डांच्या गठ्ठ्यातून. त्याच्या खुणा आजही शिल्लक आहेत. फाईलची पहिली ओळ म्हणजे शीर्षक, तिथे रेझिस्टर लिहिलात तर तो मुकाट गिळला जातो, कारण गठ्ठ्याचं पहिलं कार्ड नावाचं असायचं. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक नाही, म्हणून 'एम' म्हणजे मिली आणि मेगा हवं असेल तर 'मेग' लिहायचं. या एका अक्षरात अब्जपटीचा फरक लपलाय!

आता मुद्द्यावर येतो. स्पाइस-२ मध्ये स्वीपसाठी एका ओळीची आज्ञा होती, तीच आजही चालते. डॉट डीसी लिहायचं, मग सोर्सचं नाव, सुरुवात, शेवट आणि पायरी. हवं तर पुढे दुसरा सोर्स. ड्रेनचं व्होल्टेज ० ते १० अर्ध्या-अर्ध्या व्होल्टने, आणि गेटचं ० ते ५ एकेका व्होल्टने, असं सांगितलं की २१ गुणिले ६, म्हणजे १२६ ठिकाणची उत्तरं हजर. नीट बघा, हा तर कर्व्ह ट्रेसरच झाला. नवीन यंत्राने आधी जुन्याची नक्कल करायची, ही जगाची रीतच आहे. आलेख निघायचा तोही लाईन प्रिंटरवर, छापलेल्या खुणांचा.

पण फॉर लूप आणि स्वीप यांत एक महत्त्वाचा फरक आहे. डायोड किंवा ट्रान्झिस्टर असलेल्या सर्किटची समीकरणं सरळ सुटत नाहीत. स्पाइस न्यूटन-राफसनच्या पद्धतीने आधी एक अंदाज धरतो, तो सुधारतो, पुन्हा सुधारतो, उत्तर स्थिरावेपर्यंत. पहिला अंदाज वाईट असेल तर गाडी भरकटते. स्वीपमध्ये मात्र पुढच्या बिंदूसाठी मागच्या बिंदूचं उत्तर हाच अंदाज. ४.९ व्होल्टला काय होतं ते माहीत असेल तर ५ व्होल्टचं उत्तर त्याच्या शेजारीच कुठेतरी असणार. म्हणून स्पाइसच्या मूळ सेटिंगमध्ये एकट्या बिंदूसाठी १०० फेऱ्यांची मर्यादा आहे, तर स्वीपमधल्या बिंदूसाठी ५० फेऱ्यांची. लूप प्रत्येक वेळी नव्याने सुरू होतो, स्वीप मात्र वाट चालत जातो.

ही युक्ती इतकी कामाची आहे की स्पाइसच्या नंतरच्या आवृत्त्या ती स्वतःसाठीही वापरतात. सर्किट काही केल्या सुटत नसेल तर सगळे सोर्स शून्यावर आणायचे (तिथलं उत्तर सोपं) आणि हळूहळू पूर्ण किमतीपर्यंत न्यायचे. याला सोर्स स्टेपिंग म्हणतात. तुम्ही एका बिंदूचं उत्तर मागितलं, आणि आत गुपचूप एक स्वीप झाला!

वाट चालत जाण्याचा एक परिणामही असतो. श्मिट ट्रिगरसारखं सर्किट घ्या. इनपुट वर नेताना आउटपुट एका ठिकाणी पलटतं, खाली आणताना दुसऱ्याच ठिकाणी. मधल्या पट्ट्यात दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, कुठलं मिळणार हे तुम्ही कुठल्या बाजूने आलात यावर ठरतं. 'स्वीपचे चार तुकडे करून चार कोअरवर टाकू' म्हणणाऱ्या आपल्या जमातीने हे ध्यानात ठेवावं. निरनिराळ्या किमतींच्या स्वतंत्र रन्स असतील तर खुशाल वाटून द्या. ही वाट मात्र तोडली तर उत्तर बदलू शकतं.

आता ५५५ कडे. त्याच्या आत पुरवठा आणि जमीन यांच्यामध्ये ५ किलोओहमचे तीन रेझिस्टर एकापुढे एक जोडलेत. (यावरून ५५५ नाव पडलं असं सर्रास सांगतात, पण ते खरं नाही असं खुद्द कामेनझिंड यांनी सांगितलेलं आहे.) ते तिघे मिळून पुरवठ्याचे तीन समान भाग करतात. बाहेरचा कपॅसिटर दोन तृतीयांशापर्यंत भरला की वेळ संपली. बाहेर १० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड लावलेत तर साधारण १.१ सेकंद.

चिपवर बनलेला रेझिस्टर मात्र मोठा लहरी प्राणी आहे. त्याची किंमत २० टक्क्यांनी इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं. मग करा स्वीप! तिघांपैकी पुरवठ्याच्या बाजूचा रेझिस्टर ५ वरून ६ किलोओहमवर न्या. दोन तृतीयांशाची रेघ ०.६२५ वर घसरते आणि वेळ १.१ वरून ०.९८ सेकंदावर येते. अकरा टक्क्यांच्या आसपास फरक. बघणारा म्हणेल की हे डिझाईन काही खरं नाही, फॅक्टरीतून येणारी प्रत्येक चिप वेगळी वेळ दाखवणार.

पण सिलिकॉनमध्ये तसं होतच नाही. हे तीन रेझिस्टर एकाच चिपवर, एकाच वेळी, एकाच भट्टीतून निघालेले सख्खे भाऊ. एक २० टक्क्यांनी वाढला तर तिघेही जवळपास तेवढेच वाढतात. तिघांना ६ करा: १२ भागिले १८, पुन्हा दोन तृतीयांश. वेळ तसूभरही हलत नाही! चिपवर किमतीचा भरवसा नाही पण गुणोत्तराचा आहे, हे ओळखून कामेनझिंड यांनी सगळा डाव गुणोत्तरावर मांडला. एकच बटण फिरवणारा स्वीप नेमकं हेच झाकून टाकतो. आकडेमोडीत काहीही चूक नाही, फक्त त्याने विचारलेला प्रश्न या जगातला नाही.

'मग सगळीच बटणं फिरवू' म्हणाल, तर हिशेब करून बघा. दहा बटणं, प्रत्येकाच्या दहा जागा. १० चा दहावा घात, म्हणजे एक हजार कोटी रन्स. एका रनला एक सेकंद धरला तर सुमारे ३१७ वर्षं लागतील. आज संपायला हवं असेल तर औरंगजेब दिल्लीच्या तख्तावर असतानाच एंटर दाबायला हवं होतं असं म्हणता म्हणता राहिलो, तो १७०७ सालीच गेला. तो गेल्यावर लगेच दाबलं असतं तरी पुरे!

यातून सुटायला लोकांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या. पहिली, फक्त कोपरे बघा. चिपवाले ट्रान्झिस्टरचे जलद-मंद असे पाच प्रकार, तीन व्होल्टेज आणि तीन तापमानं धरून ४५ रन्स करतात. दुसरी वाट मॉन्टे कार्लो, निकोलस मेट्रोपोलिस आणि स्टॅनिस्लॉ उलाम यांच्या १९४९ सालच्या लेखाने या नावानिशी प्रसिद्ध केलेली. सगळी बटणं यदृच्छेने फिरवा आणि निकालांची वाटणी बघा. तिची खुबी अशी की किती रन्स लागतील हे बटणांच्या संख्येवर ठरत नाही. तोटा असा की दहापट अचूकता हवी तर शंभरपट रन्स करा. आणि मेमरीतल्या सेलसारखी, अब्जात एखादा बिघडतो अशी घटना पकडायची तर हिची दमछाक होते.

तिसरी वाट शेतातून येते. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात १९२० च्या दशकात रोनाल्ड फिशर सांगत होते की खत, बियाणं, पाणी यांतली एकेकच गोष्ट बदलून बघत बसू नका, नेमून दिलेल्या जोड्यांमध्ये एकदम बदला. हा धागा आपल्याकडच्या सी. आर. राव यांनी पुढे नेला. त्यांनी १९४० च्या दशकात 'ऑर्थोगोनल ॲरे' मांडले. सात बटणं, प्रत्येकाच्या दोन जागा, म्हणजे एकूण १२८ शक्यता. पण आठच प्रयोग असे निवडता येतात की कुठलीही दोन बटणं घेतली तरी त्यांच्या चारही जोड्या सारख्याच वेळा येतात. (फुकट काही मिळत नाही, बटणांची आपापसातली गुंतागुंत पूर्ण उलगडत नाही.) जपानचे गेनिची तागुची १९५० च्या दशकात कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन गेले, आणि हेच ॲरे पुढे त्यांच्या पद्धतीचा कणा झाले.

चौथी वाट सगळ्यात सुंदर आहे. स्टीफन डायरेक्टर आणि रोहरर (हो, तेच अजब वर्गवाले!) यांनी १९६९ साली दाखवलं की मूळ सर्किट एकदा सोडवायचं, त्याचं एक जोड-सर्किट मांडून तेही एकदाच सोडवायचं, की एका आउटपुटवर सर्किटमधल्या प्रत्येक भागाचा किती परिणाम होतो ते मिळतं. शंभर बटणं असली तरी काम दोनदाच. आज न्यूरल नेटवर्कना शिकवणारी बॅकप्रॉपगेशन याच जातकुळीतली. पण हा फक्त पायाखालचा उतार झाला. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, पायाखाली सपाटी आहे म्हणजे वीस पावलांवर कडा नाही असं नव्हे. तो कडा बघायला चालतच जावं लागतं, म्हणजे पुन्हा स्वीप.

आणि चालताना नकाशाही खरा हवा. स्पाइस ट्रान्झिस्टर बघत नाही, ट्रान्झिस्टरचं मॉडेल बघतो. मॉडेल ठरावीक पट्ट्यातल्या मोजमापांवर बेतलेलं असतं. स्वीप त्या पट्ट्याबाहेर गेला तर तो थांबत नाही, ओरडत नाही. तितकीच गुळगुळीत, देखणी रेघ काढत राहतो. नॅशनल सेमीकंडक्टरचे बॉब पीझ १९९० नंतर आपल्या सदरातून स्पाइसवर तुटून पडायचे ते अशाच कारणांसाठी. त्यांचा सूर जरा टोकाचा होता हे मान्य, पण गुळगुळीत रेघेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये हे त्यांचं म्हणणं मला अजूनही पटतं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार एका बारीकशा सोयीत आहे. १९८४ साली पीस्पाइसने स्पाइस आयबीएम पीसीवर आणला. त्यात भागांची सहनशीलता दोन तऱ्हांनी सांगता येते, 'डेव्ह' आणि 'लॉट'. डेव्ह म्हणजे प्रत्येक भाग आपापल्या लहरीने बदलणार. लॉट म्हणजे एका घाण्यातले सगळे एकत्र बदलणार. ५५५ चे तीन रेझिस्टर डेव्हमध्ये २० टक्के टाकलेत तर डिझाईन भंगार दिसेल. लॉटमध्ये २० आणि डेव्हमध्ये एखादा टक्का टाकलात तर खरं चित्र दिसेल. दोन्ही वेळा रन्स तितक्याच, लूप तोच. फरक एवढाच की कोण कुणाबरोबर बदलतं हे कोणीतरी विचार करून लिहिलं. ते कॉम्प्युटर लिहीत नाही.

आणि हे सर्किटपुरतं नाही. अमेरिकेत २००८ साली गृहकर्जांचा डोलारा कोसळला, त्यामागच्या अनेक कारणांपैकी एक हेच होतं. वेगवेगळ्या गावांतली कर्जं बहुतांशी आपापली बुडतील असं धरलेली गणितं होती, आणि घरांच्या किमती देशभर एकदम पडल्या. डेव्ह समजून चालले, निघालं लॉट. उद्या एक्सेलमध्ये घराच्या हप्त्याचा हिशेब मांडाल, व्याजदर थोडा वर-खाली करून बघाल, पगार थोडा वर-खाली करून बघाल. पण मंदीच्या वर्षात पगार, बोनस आणि घराची किंमत एकत्रच घसरतात. त्या ओळी वेगवेगळ्या हलवून आलेला निर्धास्तपणा खोटा आहे.

पेडरसन २००४ साली गेले. स्पाइसला आयईईईने २०११ साली आपल्या 'माईलस्टोन' यादीत मान दिला. आणि त्यांच्या खुल्या धोरणाची फळं अजून फुकटात मिळतायत. एनजीस्पाइस हा बर्कलीच्याच कोडचा वंशज. त्याच्यावर उभारलेला ईसिम आपल्या आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातून येतो. एखाद्या रविवारी ५५५ ची ती तीन रेझिस्टरची शिडी उभी करा, आधी एक फिरवा, मग तिन्ही एकत्र. अगदी छोटीशी फाईल आहे. फक्त पहिल्या ओळीत रेझिस्टर लिहू नका. :)

असो, बरंच लांबलं. भेटू पुढच्या शनिवारी.